प्रेशर जातं कुठे?

नाचणगाव पुलगावला खेटून आहे आणि हा सगळा मुलूख कापसाचा. इथे हायड्रॉलिक प्रेस म्हटलं की पत्रा वाकवणारं यंत्र कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, येते ती गठाण बांधणारी प्रेस. सरकी निघाली की रुई पेटीत दडपायची, रॅमनं, म्हणजे तेलाच्या दाबानं सरकणाऱ्या दट्ट्यानं, दाबायची आणि दाब धरून ठेवूनच तारा किंवा पट्ट्या आवळायच्या. मग १७० किलोंच्या आसपासची गठाण बाहेर. भर हंगामात कधीतरी हाक येते, ‘मिस्त्री, प्रेस चढून नाही राहिली.’ रॅम चार बोटं आधीच थांबलेला असतो, पट्टीची टोकं एकमेकांना भेटत नाहीत, गाड्या फाटकाशी तुंबलेल्या असतात. त्यानंतर चांगला मिस्त्री जे करतो ते दाद द्यावी असंच असतं.

पहिली दाद तो जे करत नाही त्याला. तो रिलीफ वाल्व्हचा, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेचा, स्क्रू पिळत नाही. कच्चा माणूस आल्याआल्या पाना तिथेच लावतो. प्रेशर गेजचा काटा कधीकधी वर सरकतोही, पण मूळ दुखणं तसंच राहतं आणि पुढे भलताच पाइप फुटतो. जाणत्याला ठाऊक असतं की पंप प्रेशर देत नाही, तेल देतो. प्रेशर उभं राहतं ते तेलाची वाट अडली म्हणून. ते पडलं, याचा अर्थ तेल कमी येतंय किंवा त्याला कुठेतरी सोपी पळवाट सापडली आहे. पुढची सगळी तपासणी या एका वाक्याचा विस्तार.

किती फरक पडतो? रॅमचा व्यास २५० मिलिमीटर धरा. २०० किलोच्या प्रेशरला (किलो म्हणजे अर्थातच दर चौरस सेंटिमीटरला) तो साधारण ९८ टन जोर लावतो. काटा २० नं उतरला की जवळपास १० टन गेले.

पण काटा खरं बोलतोय का? इथे मिस्त्री गेजकडे पाठ करून मोटारीच्या अँपमीटरकडे बघतो, आणि मला हा तपासणीतला सर्वांत देखणा क्षण वाटतो. पंप जेवढ्या प्रेशरला तेल ढकलतो त्या मानानं मोटार अँपिअर ओढते. गेज खाली आणि अँपिअर नेहमीएवढे, तर आधी संशय गेजवर. दोन्ही खाली, तर दुखणं खरं. मोटारीचं काम नुकतंच झालं असेल तर तो फिरण्याची दिशाही बघतो. तीन फेजमधल्या दोन तारा उलटल्या की मोटार मजेत फिरते आणि पंप तेल उचलतच नाही.

मग कान. पंपात खडे कडकडल्यासारखा आवाज आला तर तो उपाशी आहे. जिनिंगमध्ये रुईचा धुरळा सगळीकडे. तेलाच्या टाकीत हवा घेणाऱ्या ब्रीदरवर त्याची गादी बसते, सक्शनच्या जाळीत गाळ अडकतो. तेलावर दुधाळ फेस असेल तर सक्शनच्या जोडातून हवा शिरतेय.

इथवर काही सापडलं नाही तर तो वाट तोडतो. रिलीफ वाल्व्ह पंपाच्या बाजूला ठेवून पुढची लाइन बंद करायची. प्रेशर उभं राहिलं तर पंप आणि रिलीफ वाल्व्ह सुटले, चोर पुढे आहे. नाही राहिलं तर रिलीफ वाल्व्ह उघडायचा. त्याच्या बैठकीत अडकलेला डोळ्याला जेमतेम दिसणारा कण अख्खी प्रेस बसवू शकतो.

पुढचा चोर उष्णतेनं सापडतो. काम न करता २०० वरून शून्याला उतरलेलं तेल एका फेरीत १२ अंशांच्या आसपास तापतं. म्हणून टाकीकडे परतणारे पाइप तपासले की गळका वाल्व्ह किंवा झिजलेलं सील ओळखू येतं. पूर्वी हे हाताच्या पाठीनं व्हायचं, आता तापमानाची बंदूक आहे आणि तीच बरी. बाहेरची गळती तर बोटानं कधीच चाचपू नये. सुईएवढी धार कातडीत घुसते.

सीलचं दुखणं या यंत्राइतकंच जुनं. जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये इंग्लंडात हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब पिस्टनच्या कडेनं निसटायचा. त्यावरच्या चामड्याच्या वाटीचं श्रेय सहसा त्याच्याकडचा कारागीर हेन्री मॉडस्ले याला देतात. या वाटीचा काठ दाबानंच भिंतीला चिकटतो. निसटू पाहणाऱ्यालाच राखण करायला लावलं!

विदर्भाचा उन्हाळा यात आपली भर घालतो. सकाळी झकास चालणारी प्रेस दुपारी दम टाकते, कारण तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपाच्या फटींतून मागे सरकतं. ‘सकाळी चालत होती का?’ हा प्रश्न म्हणूनच तो कधी चुकवत नाही.

आणि एक प्रकार असा की गेज बरोबर, अँपिअर बरोबर, सील घट्ट, तरी गठाण बसत नाही. मिस्त्री तेव्हा पेटीतली मूठभर रुई हातात घेतो. कोरड्या हवेत रुई फार सुकली की तिचा ताठा वाढतो. तीच गठाण बांधायला जास्त जोर लागतो. अशा वेळी तो पाने गोळा करतो आणि रुईत थोडी ओल धरायला सांगतो, बेतानंच, कारण जास्त ओलीची गठाण गोदामात पिवळी पडते. मालकाला हे निदान सहसा पटत नाही. त्याला काहीतरी बदललेलं हवं असतं, निदान एक सील तरी.