न सांगितलेला कोल्हा : बालकांच्या विनोदी सचित्र पुस्तकांतील शब्द-चित्र संबंध

बीजशब्द : बालसाहित्य, सचित्र पुस्तक, हास्यरस, व्यंजना, चित्रवाचन

प्रस्तावना

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी असलेल्या विनोदी सचित्र पुस्तकांकडे समीक्षेने अभावानेच गांभीर्याने पाहिले आहे. मराठीतील बालसाहित्याच्या चर्चेत आशय, संस्कारमूल्य आणि भाषेची सुगमता यांना प्राधान्य मिळते. चित्रांचा उल्लेख बहुधा 'आकर्षक', 'सुबक' अशा विशेषणांवर आटोपतो. या दृष्टीत चित्र हा शब्दांचा केवळ अलंकार ठरतो. परंतु ज्या पुस्तकाचा विनोद शब्द आणि चित्र यांच्यातील विसंगतीत असतो, त्याचे मूल्यमापन या दृष्टीने होऊ शकत नाही. पॅट हचिन्स (१९४२–२०१७) या ब्रिटिश लेखिका-चित्रकर्तीचे 'रोझीज वॉक' (१९६८) हे पुस्तक मुख्यत्वे समोर ठेवून या विसंगतीचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांचे मौन

'रोझीज वॉक'ची संपूर्ण संहिता म्हणजे अवघ्या ३२ इंग्रजी शब्दांचे एकच वाक्य होय. रोझी नावाची कोंबडी शेतावर फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतते, एवढेच त्यात सांगितले आहे. केवळ शब्द वाचल्यास येथे कोणतीही घटना घडत नाही. चित्रांत मात्र एक कोल्हा सतत तिच्या मागावर आहे. एका चित्रात तो झेप घेण्याच्या पवित्र्यात दिसतो आणि पान उलटताच, शब्दविरहित चित्रात, त्याची फजिती होते. दाताळ्याचा दांडा तोंडावर आदळतो, तो तळ्यात पडतो, गवताच्या गंजीत गाडला जातो, अंगावर पीठ सांडते आणि अखेर मधमाश्या त्याला पिटाळून लावतात. संहितेत 'कोल्हा' हा शब्द एकदाही येत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाच्या विभावांमध्ये विकृत वेषालंकारांबरोबरच धार्ष्ट्य आणि लौल्य यांचा निर्देश आहे. कोल्ह्याचे लोभीपण आणि पिठाने माखलेले त्याचे रूप या चौकटीत सहज बसते. तथापि पुस्तकाचा मुख्य विनोद एवढ्याने उलगडत नाही. हाच कोल्हा, हीच फजिती शब्दांतही सांगितली असती, तर उरला असता तो केवळ धडपडीचा विनोद. येथील हास्य निवेदक गप्प राहतो म्हणून निर्माण होते.

या मौनाला व्यंजना म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. ध्वनिसिद्धान्तानुसार व्यंग्यार्थ वाच्यार्थाच्या आधाराने सूचित होतो. 'रोझीज वॉक'चे शब्द मात्र कोल्ह्याची पुसटशीही सूचना देत नाहीत. म्हणून येथे शब्दशक्तीचा विस्तार मानण्यापेक्षा दोन स्वतंत्र निवेदने समांतर चालतात, असे मानणे अधिक युक्त ठरते. त्यांतील एक निवेदन मोठी माणसे वाचतात, तर दुसरे लहान मूल. अक्षरओळख नसलेल्या मुलाला वाचून दाखवणाऱ्याच्या शब्दांपेक्षा अधिक कळते. एरवी मोठ्यांकडून माहिती घेणारे मूल येथे ज्ञानाच्या बाबतीत वरचढ ठरते. नाटकातील प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असल्याने जो उपरोध निर्माण होतो, त्याचा हा बहुधा मुलाला येणारा पहिला अनुभव होय.

पंचतंत्राच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला आणखी एक गोष्ट जाणवेल. तेथील कोल्ह्याचे सामर्थ्य त्याच्या वाणीत आहे. तो बोलून फसवतो. हचिन्स यांच्या कोल्ह्याला बोलण्यासाठी एकही शब्द मिळालेला नाही, आणि शब्दावाचून त्याचे चातुर्य निष्प्रभ होते.

शब्दांचे असत्य

जॉन क्लासेन यांच्या 'आय वॉन्ट माय हॅट बॅक' (२०११) या पुस्तकात शब्द गप्प नसून खोटे बोलतात. टोपी हरवलेले अस्वल सशाला विचारते. ससा आवेशाने इन्कार करतो, आणि टोपी त्याच्याच डोक्यावर दिसत असते. शेवटी सशाचे काय झाले, हे मात्र चित्र दाखवत नाही. अस्वलाच्या तोंडी सशासारखाच घाईचा इन्कार येतो आणि त्यावरून मूल घडलेले ओळखते. येथे पुनरावृत्त शब्दच सूचक होतात; व्यंजना येथे खऱ्या अर्थाने कार्य करते. हा शेवट क्रूर असल्याचा आक्षेप घेता येईल. परंतु असत्य कसे ओळखावे, याचा असा पाठ कोणतीही बोधकथा सहसा देत नाही, कारण बोधकथेत निवेदकावर विश्वास ठेवणे गृहीत असते.

मराठीच्या संदर्भात

'रोझीज वॉक'चा मराठीच्या दृष्टीने विचार केल्यास भाषेच्या घडणीचा प्रश्न पुढे येतो. इंग्रजी वाक्यात क्रियापद आरंभीच येते. मराठीत 'अंगणातून', 'गंजीवरून', 'कुंपणातून', 'पोळ्यांखालून' अशी मालिका लयीत पुढे सरकते आणि परतल्याचे क्रियापद अखेरपर्यंत राखून ठेवता येते. रोझी सुखरूप परतेल काय, हे वाक्यही शेवटपर्यंत सांगत नाही. ही उत्कंठा मराठीच्या वाक्यरचनेत स्वभावतःच आहे.

अशा पुस्तकांसाठी लेखन आणि चित्रण यांचा विचार एकत्र व्हावा लागतो. हचिन्स आणि क्लासेन दोघेही स्वतःच लेखक व चित्रकार आहेत. मराठीत, साहित्य अकादमीचा २०१४चा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून स्वतः चित्रे काढण्याची वाट समर्थपणे चोखाळली आहे. संहिता पूर्ण करून ती नंतर चित्रकाराकडे सोपवण्याच्या पद्धतीत लेखक सर्व काही शब्दांतच सांगून मोकळा होतो आणि चित्राला सांगण्यासारखे काही उरत नाही.

अध्यापनातही हाच धोका संभवतो. 'मागे कोल्हा आहे, बघा' असे शिक्षकाने सांगताच पुस्तकाचा विनोद संपतो आणि मुलाचा शोधही हिरावला जातो. अध्यापक-शिक्षणात मोठ्याने वाचण्याचे कौशल्य शिकवले जाते. योग्य ठिकाणी गप्प राहण्याचे कौशल्यही तितकेच आवश्यक आहे.

निष्कर्ष

विनोदी सचित्र पुस्तक हे साहित्याचे प्राथमिक किंवा गौण रूप नव्हे. सांगितलेले आणि दिसणारे यांतील तफावत ओळखणे ही पुढील सर्व चिकित्सक वाचनाची पूर्वअट आहे, आणि ही क्षमता अक्षरओळखीच्याही आधी हास्याच्या द्वारे विकसित होऊ शकते. त्यामुळे अशा पुस्तकांची समीक्षा करताना चित्रे शब्दांना किती अनुरूप आहेत एवढेच न पाहता, शब्दांनी चित्रांसाठी किती जागा मोकळी सोडली आहे, हा निकष स्वीकारणे आवश्यक ठरते.