शर्तविधानातील शब्दतुलना आणि कंपायलरचा निवाडा

दोन शब्द एकच आहेत असे केव्हा म्हणावे? हा प्रश्न वस्तुतः भाषाभ्यासकाचा. परंतु संगणकभाषेच्या कंपायलरलाही त्याचे उत्तर द्यावे लागते. जावा भाषेच्या सातव्या आवृत्तीत (२०११) 'स्विच' या विधानात शब्द वापरण्याची मुभा मिळाली. त्या विधानाचे कंपायलर जे रूपांतर करतो ते येथे तपासावयाचे आहे.

'इफ'ची साखळी लिहिली तर आलेला शब्द प्रत्येक पर्यायाशी क्रमाने ताडला जातो. 'स्विच'च्या बाबतीत कंपायलर प्रत्येक पर्यायाचा हॅश, म्हणजे अक्षरसंकेतांवरून काढलेला पूर्णांक, आधीच सिद्ध ठेवतो. पुढे आलेल्या शब्दाचा हॅश पाहून नेमक्या पर्यायापाशी पोहोचता येते. पर्याय दोनतीनच असतील तर हा लाभ नगण्य होय. खरे कौतुक पुढे आहे. हॅश जुळला म्हणजे शब्द जुळला, असे कंपायलर मानीत नाही. रोमन लिपीतील मोठा 'ए' व लहान 'ए' ही जोडी आणि दोन मोठे 'बी' ही जोडी, या दोहोंचा हॅश २११२ च येतो. म्हणून हॅश जुळल्यावरही 'इक्वल्स'ने संपूर्ण शब्द पडताळला जातो. केवळ ध्वनिसाम्यावर विसंबणाऱ्या आमच्या काही व्युत्पत्तिकारांनी ही शिस्त अवश्य पाहावी.

तथापि 'इक्वल्स'ची समानता ही केवळ संकेतक्रमाची समानता होय, आणि मराठीत ती अपुरी पडते. 'दर्या' व 'दऱ्या' यांतील भेद अर्थभेदक आहे. तो यंत्राला दिसतो, हे ठीकच. परंतु 'दऱ्या'तील 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. युनिकोड ही रूपे समतुल्य मानते. 'इक्वल्स' मानीत नाही. वाचकाला एकच दिसणारा शब्द मग कोणत्याच पर्यायात बसत नाही, आणि चूक झाल्याची नोंदही कोठे होत नाही.

कंपायलरनेच ही रूपे एक करावीत, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य नाही. भाषेने ठरविलेली समानता कंपायलरने पाळावी, बदलू नये. रूपे एक करण्याचे काम, शब्द आत घेतानाच, जावातील 'नॉर्मलायझर'कडे सोपवावे. अर्थात तेवढ्याने भागत नाही. 'र', हलन्तचिन्ह व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने लिहिलेले तिसरे रूप त्या प्रमाणीकरणातून जसेच्या तसे बाहेर पडते. त्यासाठीचा नियम मराठी लेखन जाणणाऱ्यालाच वेगळा लिहावा लागतो.