लंडनमध्ये कोण बसलंय? वऱ्हाडातून ब्रिटिश राजकारण वाचताना



ब्रिटनचं सध्याचं राजकारण हा विषय अमरावती-अकोल्यात काढला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. तिथं आता कोण आहे? आणि तो आपल्या बाजूचा आहे की नाही? आज आम्हाला उत्तरापेक्षा या प्रश्नावरच बोलायचं आहे, टीकेच्या सुरात बोलायचं आहे. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोण बसलंय हे पाहण्याच्या नादात त्यानं कोणत्या कागदावर सही केली, हे वाचायचं राहून जातं. आणि वऱ्हाडाच्या नशिबी लंडनहून जे आलं, ते बहुतेक वेळा कागदातूनच आलं.

ताजं उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत ऋषी सुनक यांची नेतेपदी निवड झाली. आपल्याकडे केवढं कौतुक झालं, आठवा. ‘आपला माणूस’ दहा डाउनिंग स्ट्रीटमध्ये गेला, आता भारताचं भलं होणार, असा एकूण सूर. प्रत्यक्षात काय झालं? भारत-ब्रिटन व्यापार कराराची बोलणी जानेवारी २०२२ मध्येच सुरू झाली होती, बोरिस जॉन्सन यांच्या काळात. दिवाळीपर्यंत करार करू, असं तेच म्हणाले होते. ते गेले, लिझ ट्रस आल्या आणि गेल्या, सुनक आले आणि गेले. करारावर सही झाली २४ जुलै २०२५ ला, मजूर पक्षाच्या किअर स्टार्मर यांच्या काळात. चार पंतप्रधान, दोन पक्ष आणि बोलण्यांचा धागा एकच. मग करार ‘आपल्या माणसा’मुळे झाला की दोन्ही देशांच्या गरजेमुळे? युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनला नव्या बाजारपेठा हव्या होत्या. चेहरा बदलल्यानं ती गरज बदलली नाही.

आता या स्टार्मर सरकारची अवस्था पहा. जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, पण मतं मात्र सुमारे ३४ टक्के. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला १४ टक्के मतं आणि जागा फक्त पाच. म्हणजे इमारत मोठी, पाया अरुंद. मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मनं मुसंडी मारली. त्याच महिन्यात सरकारनं स्थलांतर कमी करण्याची श्वेतपत्रिका आणली. २२ जुलै २०२५ पासून वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या कामगारांची परदेशातून होणारी नवी भरती बंद झाली. कुशल कामगारांच्या व्हिसासाठीची पगाराची अटही वाढली. आणि बरोबर दोन दिवसांनी भारताबरोबरच्या करारावर सही! एकाच सरकारनं एका आठवड्यात आपल्या मालासाठी दार उघडलं आणि आपल्या काही माणसांसाठी लावून घेतलं. हे सरकार भारताचं मित्र की विरोधक? या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण प्रश्नच नीट नाही.

आता थोडं मागं जाऊ. वऱ्हाड हे या बाबतीत जुनं विद्यापीठ आहे.

१८५३ साली हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामानं वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवला. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाकडून हा मुलूख कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. मालकी कागदोपत्री निजामाची, राज्य इंग्रजांचं. या पन्नास वर्षांत लंडनमध्ये किती सरकारं आली नि गेली! पण इथल्या कास्तकाराला कुणी विचारलं नाही. शेत ठोक्यानं द्यावं तसा अख्खा प्रांत दिला गेला.

त्या मधल्या काळातच कापसाचं पर्व येतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. खामगावची रेल्वे शाखा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या हस्ते सुरू झाली. तोपर्यंत युद्ध संपून अमेरिकन कापूस बाजारात परतला होता आणि तेजी ओसरली होती. रूळ राहिले, गाठी जात राहिल्या, कापड तिकडून येत राहिलं. आणि शतकाच्या अखेरीस याच मुलखात भीषण दुष्काळ पडले.

तेव्हाची आपली पुढारी मंडळी काय करत होती? अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर १८९० मध्ये काँग्रेसच्या शिष्टमंडळातून इंग्लंडला गेले. तिथल्या जनतेला आणि पार्लमेंटला खरी परिस्थिती सांगितली तर न्याय मिळेल, ही त्या पिढीची श्रद्धा. त्यांच्यानंतर अमरावतीचेच दादासाहेब खापर्डे. २२ जुलै १९०८ ला लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्या खटल्याच्या कामासाठी दादासाहेब लंडनला गेले, १९१० पर्यंत तिथे राहिले. त्या वेळी भारतमंत्री कोण? जॉन मोर्ले. ग्लॅडस्टनचे चरित्रकार, उदारमतवादाचे नामांकित लेखक. ‘कोण बसलंय’ या कसोटीवर त्यांच्याइतका चांगला माणूस सापडणं कठीण. तरी प्रिव्ही कौन्सिलनं दाद दिली नाही. टिळक १९१४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्ण मुदत, कैदेत राहिले. मोर्ले ढोंगी होते असं आम्ही म्हणत नाही. राज्य टिकवायच्या यंत्रात बसल्यावर चांगल्या माणसाचा हातही त्या यंत्राप्रमाणेच चालतो, एवढंच म्हणतो.

कुणी विचारेल, मग १९४५ चं काय? मजूर पक्ष आला, ॲटली आले आणि दोन वर्षांत स्वातंत्र्य मिळालं. खरं आहे. पक्ष बदलल्यानं फरक पडला, तो नाकारता येत नाही. पण त्यामागे बेचाळीसचं आंदोलन होतं, फेब्रुवारी १९४६ चं नौदलाचं बंड होतं, युद्धानं रिकामी झालेली ब्रिटनची तिजोरी होती. दार उघडणारा माणूस महत्त्वाचा, पण बाहेरून रेटा नसता तर त्यानं कडीला हात लावला असता का?

हे सगळं आज का सांगायचं? कारण २०२५ च्या करारातलं कलम वाचायला बसलं की वऱ्हाड पुन्हा त्याच जागी उभा दिसतो. भारतातल्या तयार कपड्यांवर ब्रिटनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत आयात शुल्क होतं, ते जाणार आहे. ही चांगली गोष्ट आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण सवलत कपड्याला आहे. कच्च्या कापसावर तिथं आधीच शुल्क नाही. म्हणजे अकोटचा शेतकरी सरकी काढलेल्या रुईच्या गाठीपर्यंतच थांबला, तर करारातला लाभ त्याच्या वाट्याला थेट येत नाही. कापड जिथं विणलं जाईल, कपडा जिथं शिवला जाईल, तिथं तो जाईल. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होणार आहे, २० सप्टेंबर २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. तिथं शिलाई मशीन किती आणि केव्हा फिरतात, यावर वऱ्हाडासाठी या कराराची किंमत ठरेल. स्टार्मर राहतात की जातात, यावर नाही.

दुसरी बाजूही सांगतो. सही झाल्याला महिनाही उलटला नव्हता, तोच १९ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याच केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन आपल्या वेचणीच्या हंगामात. त्यामागे अमेरिकेनं लादलेल्या ५० टक्के शुल्काचा फटका होता, गिरण्यांना दिलासा हवा होता. गिरणीची अडचण खरी. पण त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव असताना बाजारात त्याखाली कापूस विकणाऱ्याची अडचण खोटी होती का? आणि हे सगळं झालं एका अधिसूचनेनं.

इथं ब्रिटनकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथल्या २०१० च्या कायद्यानुसार असा करार पार्लमेंटच्या कामकाजाचे २१ दिवस सभागृहापुढे ठेवावा लागतो, आणि कॉमन्स सभागृह त्याला अडवू शकतं. समित्या त्याची चिरफाड करतात. ही व्यवस्था परिपूर्ण नाही, तिथले खासदारही तिच्यावर नाराज असतात. पण आपल्याकडे तेवढंही नाही. आंतरराष्ट्रीय करार मंजुरीसाठी संसदेपुढे आणलाच पाहिजे, असा कायदाच भारतात नाही. वॉरविकच्या खासदाराला जो कागद तपासायचा हक्क आहे, तो अकोल्याच्या खासदाराला नाही.

तेव्हा मंडळी, आमची विनंती साधी आहे. लंडनच्या बातम्या जरूर वाचा, फराज वाढतात की घसरतात तेही पहा. पण आपल्या खासदाराला भेटाल तेव्हा सुनक-स्टार्मरवर त्याचं मत विचारू नका. त्याला विचारा: कापसाच्या शुल्काची अधिसूचना निघाली, तेव्हा तुम्ही सभागृहात काय बोललात? करार संसदेपुढे यावा म्हणून विधेयक मांडाल का? मुधोळकर आणि खापर्डे यांना आपलं म्हणणं मांडायला बोटीनं लंडन गाठावं लागलं होतं. आपल्याला दिल्लीच गाठायची आहे.