‘भंडारदऱ्या’तील र : जुन्या संकेताची सोय आणि तिची किंमत

अकोले तालुक्यातील भंडारदरा हे नाव प्रवरेवरील, १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणामुळे सर्वपरिचित आहे. विभक्तिप्रत्ययापूर्वी त्याचे ‘भंडारदऱ्या-’ असे सामान्यरूप होते, आणि तेथेच संगणकीय लेखनाचा एक प्रश्न उपस्थित होतो. यातील र हा रफार नव्हे. ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन, तर ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यास’ व ‘आचार्यास’ यांतील भेदही असाच अर्थभेदक आहे. स्वयंपाकघर आणि गुरुकुल यांतील अंतर त्यावर अवलंबून असते.

हा र लिहिण्याच्या दोन रीती युनिकोडला मान्य आहेत. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी निगडित रीतीत र, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह असा क्रम येतो. पुढे भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या ‘इस्की’ संकेताला अनुसरून ऱ हे अक्षर व हलन्तचिन्ह ही रीत प्रमुख मानली गेली. जुनी रीत मात्र रद्द झाली नाही. दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ती ग्राह्य असल्याचे नियमातच नमूद आहे.

निर्णयाचा हा भाग योग्यच म्हटला पाहिजे. याउलट काय घडते हे युनिक्स प्रणालीतील ‘सॉर्ट’ या आज्ञेच्या इतिहासात दिसते. ओळी दुसऱ्या स्तंभापासून क्रमाने लावण्यासाठी पूर्वी ‘+१’ असे लिहीत, कारण मोजणी शून्यापासून होई. नव्या रीतीत ‘-के २’ असे लिहितात. २००१ च्या पॉसिक्स मानकाने जुनी रीत वगळली. ग्नू प्रणालीने त्याचे पालन करताच ‘+१’ हे एखाद्या धारिकेचे नाव समजले जाऊ लागले, आणि वर्षानुवर्षे चालत आलेल्या आज्ञावली अडल्या.

तथापि या दोन उदाहरणांत एक मूलगामी फरक आहे. ‘सॉर्ट’ने दोन्ही रीती स्वीकारल्या, तर त्यांतून एकच क्रिया घडते. युनिकोडच्या दोन रीतींतून केवळ एकच आकृती उमटते. र व नुक्ता यांचा क्रम आणि ऱ हे अक्षर यांची समरूपता युनिकोडने स्वतः घोषित केली आहे. जोडचिन्हाच्या रीतीला ती लाभलेली नाही. परिणामी संकेतांची काटेकोर तुलना करणारा शोध ‘भंडारदऱ्यास’ या शब्दाचे जुन्या रीतीने केलेले लेखन वगळतो. शोध सैल करून अदृश्य चिन्हे गाळावीत, तर त्या लेखनातील दरीचा दर्या होतो! वाचकाला यातले काहीच दिसत नाही. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या अभ्यासकाची गणना मात्र चुकते, आणि ती चुकल्याची खूणही कोठे उरत नाही.

म्हणजे येथे सुसंगती राखली गेली ती डोळ्यांपुरती. युनिकोडच्या स्थैर्य-धोरणानुसार अक्षरांची एकदा ठरलेली समरूपता बदलता येत नाही. त्यामुळे मूळ व्यवस्थेतच दुरुस्ती होईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ते काम कोशकार व संहितासंग्राहक यांनाच करावे लागेल. संहिता दाखल होताना जोडचिन्हाची रीत ऱ मध्ये रूपांतरित करावी, मूळ प्रत निराळी जतन करावी, आणि अदृश्य चिन्हे गाळण्याची क्रिया या रूपांतरानंतरच करावी. हा क्रम उलटला, तर ‘आचाऱ्यास’ कोठे होते व ‘आचार्यास’ कोठे, हे त्या संहितेवरून पुन्हा ठरविता येणार नाही.