मृणालचा उच्चार

माझ्या धाकट्या भावाला बंगळुरूत मुलगी झाली, त्या आठवड्यात मी रवींद्रनाथांच्या ‘स्त्रीर पत्र’ या कथेच्या मराठी भाषांतराचा तिसरा खर्डा करत होते. भावजय हावड्याची आणि आम्ही अकोल्याचे. कोलकात्यात तौलनिक साहित्याचं एम. ए. करताना मी बंगाली शिकले, म्हणून बाळाच्या नावाची मध्यस्थी माझ्याकडे आली.

आईनं ‘वैदेही’ सुचवलं. हावड्याच्या माशीमांनी, म्हणजे भावजयीच्या आईनं, ते आनंदानं उच्चारून पाहिलं आणि ते ‘बोइदेही’ झालं. आई फोनवर गप्प झाली. मग ‘यामिनी’ आलं. बंगालीत त्याचं ‘जामिनी’ होतं आणि जामिनी म्हटलं की तिथे चित्रकार जामिनी रॉय आठवतात, मुलगी नव्हे. ‘ज्ञानदा’ आम्ही ‘द्न्यानदा’ म्हणणार, हिंदी भाषक शेजारी ‘ग्यानदा’ आणि हावडा ‘ग्यानोदा’; शिवाय नावापुढे ‘दा’ तिथे थोरल्या भावाला लावतात. शेवटी भावानं एक तक्ताच केला. व नको, सुरुवातीचा य नको, ज्ञ नको, क्ष नको, ऋ नको, ळ तर नकोच. चाळणीतून खाली उरली मीरा, माया, तारा, रिया. नावं सगळी चांगली. पण आई म्हणाली, “मंग राह्यलं काय?”

तिचा प्रश्न मला भाषांतराचा वाटला. कुणाच्याही तोंडी बिघडू नये म्हणून निवडलेलं नाव आणि कुणालाही अडखळायला होऊ नये म्हणून घासलेलं भाषांतर, या दोन्हींमागे एकच भीती असते.

झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (२००३) या कादंबरीत ही भीती एका घरात वाढत जाताना दिसते. मुलाचं नाव आशिमाच्या आजीनं ठरवून कोलकात्याहून पत्रानं पाठवलं आहे. पत्र पोचतच नाही. अमेरिकेतलं रुग्णालय नाव नोंदवल्याशिवाय बाळाला घरी सोडत नाही, आणि तात्पुरतं ठेवलेलं ‘गोगोल’ हे डाकनाम, म्हणजे घरात हाक मारायचं नाव, त्याला चिकटून बसतं. (आपल्याकडे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो, तो वर्षभरात विनाशुल्क भरता येतो. एका आजीच्या पत्राला एवढा वेळ पुरला असता.) या कादंबरीवर लिहिणारे बहुतेक जण गोगोलवर थांबतात. मला त्याच्या धाकट्या बहिणीचं नाव जास्त बोलकं वाटतं. पहिल्या खेपेला पोळलेले आईबाप मुलीच्या वेळी डाकनाम आणि भालोनाम, म्हणजे जगात वापरायचं नाव, हा भेदच काढून टाकतात आणि तिचं एकच नाव ठेवतात, सोनाली. पुढे त्याचं ‘सोनिया’ होतं, जगात कुठेही चालणारं. सोनाली म्हणजे सोनेरी, हा अर्थ बंगाली कानाला आपोआप ऐकू येतो. सोनियात तो सांगावा लागतो. लाहिरी यावर हळहळत नाहीत, नुसती नोंद करून पुढे जातात. पण नाव आधीपासून सुरक्षित करत नेलं तर काय उरतं, हे त्या नोंदीत दिसतं.

‘स्त्रीर पत्र’ (१९१४) मध्ये उलट घडतं. मृणाल बाराव्या वर्षी लग्न होऊन माखन बडालच्या गल्लीतल्या २७ नंबरच्या घरात येते आणि पंधरा वर्षं ‘मेजो बौ’, म्हणजे मधली सून, म्हणून राहते. लहानपणी तिला आणि तिच्या भावाला एकाच वेळी ताप येतो. भाऊ जातो, ती जगते. मृणाल मुलगी ना, म्हणूनच वाचली, असं शेजारच्या बायका बोलतात. म्हणजे कथेत तिचं नाव आपण प्रथम ऐकतो ते एका टोमण्यात. पुढे सासरी त्या नावाला काही काम उरत नाही. जावेच्या निराधार बहिणीचा, बिंदूचा, शेवट झाल्यावर मृणाल पुरीला समुद्राकाठी जाते, नवऱ्याला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिते आणि शेवटी स्वतःच्या नावानं सही करते. या पत्रातली सगळी वाट ‘मेजो बौ’पासून त्या सहीपर्यंतची आहे.

आता हे नाव मराठीत कसं आणायचं? भावाच्या तक्त्यात ते पहिल्याच फटक्यात बाद झालं असतं, कारण त्यात ऋ आहे. मराठी माणूस ‘म्रुणाल’ म्हणतो. ओडिया आणि गुजराती कानही या ‘रु’चे. बंगाल आणि हिंदी प्रदेश ‘म्रि’ म्हणतात, आणि बंगालीत ‘ण’चाही ‘न’च होतो. पण मी लिहिलं फक्त ‘मृणाल’. अक्षर एकच राहिलं, उच्चार ज्याचा त्यानं करायचा. एवढी सोय भाषांतरकाराला क्वचित मिळते.

बहुतेक वेळा लिपी आपल्याला निवड करायला लावते. बंगालीत ब आणि व यांना एकच अक्षर आहे. ‘घरे बाइरे’ (१९१६) मधली नायिका देवनागरीत आणताना ‘बिमला’ लिहायचं की ‘विमला’, हे मला ठरवावंच लागतं. आपल्या वाचनाची जुनी सवय ‘विमला’कडे ओढते. बंगाली साहित्य आपण मोठ्या प्रेमानं मराठीत आणलं. मामा वरेरकरांमुळे कित्येक घरांत शरच्चंद्र घरचे लेखक झाले. त्या प्रेमात बंगाली नावं मूळ संस्कृत रूपात ‘शुद्ध’ करून घेण्याची रीतही होती. तिचा फायदा खरा आहे: विनोदिनी, विमला ही नावं वाचताना मराठी वाचकाला परकं वाटलं नाही. पण त्या बायकांना त्यांच्या घरात ज्या नावानं हाक मारतात, ते नाव आपण दुरुस्त करून घेतलं. गंमत म्हणजे सिनेमाच्या पाटीवर ‘बिमल रॉय’ आपल्याला कधी खटकले नाहीत. ‘विमल’ लिहिलं असतं, तर मराठीत ती बाई झाली असती.

‘दुरुस्त’ हा शब्द मी जपून वापरत नाही, कारण हे मी पाहिलेलं आहे. अकोल्यात पाचवीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीनं उभं राहून नाव सांगायचं होतं. एक मुलगी म्हणाली, “कमय.” वऱ्हाडीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया, केळीची केयी. बाईंनी तिला तीनदा ‘कमळ’ म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ते बरोबर आलं आणि वर्ग हसला. मीही हसले, आणि त्या वर्षी घरीसुद्धा ‘डोळा’ म्हणू लागले. ज्या तोंडांनी तिला इतकी वर्षं ‘कमय’ म्हणून जेवायला बोलावलं होतं, ती सगळी चुकीची होती, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढे भाषांतर करताना मीही बाईंचंच काम करत होते, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून सगळं उच्चाराबरहुकूम लिहावं, असं मात्र मी म्हणणार नाही. शरच्चंद्रांचं ‘शॉरोत्चॉन्द्रो’ केलं, तर ती नक्कल होईल आणि नकलेत थट्टा असतेच. माझा आग्रह मर्यादित आहे. जिथे अक्षर दोन्ही उच्चार सामावून घेतं, तिथे त्याला हात लावू नये. जिथे लिपी निवड करायला लावते, तिथे व्युत्पत्तीकडे नव्हे, तिला हाक मारणाऱ्या माणसांकडे पाहावं. वाचक पुढे आपल्या तोंडानं वाचतोच. ‘बिमला’ही मराठी वळणानं वाचली जाईल आणि त्यात काही बिघडत नाही. आपल्या वळणानं हाक मारणं वेगळं आणि तिचं नाव बदलून मग हाक मारणं वेगळं.

खर्डा वाचून भावजयीनंच ‘मृणाल’ सुचवलं. माशीमा म्हणाल्या, हे तर पुरुषाचं नाव, मृणाल सेन! आई म्हणाली, मृणाल गोरे! दोघींना एकमेकींच्या मृणालची ओळख करून देण्यात एक संध्याकाळ गेली. मग माशीमांनाच रवींद्रनाथांची मेजो बौ आठवली आणि पुरुषाचा मुद्दा मागे पडला.

जन्मनोंदणीच्या फॉर्मवर मात्र रोमन अक्षरांनी अडवलं. मृणाल सेन ‘आय’नं लिहितात, धुळ्याची मृणाल ठाकूर ‘यू’नं. देवनागरी आणि बंगाली या दोन्ही लिप्यांनी जे उघडं ठेवलं होतं, ते रोमन लिपी एका स्वरात बंद करत होती. भावानं विचारलं, “ताई, तू सांग.” मी माझाच नियम लावला आणि भावजयीला विचारलं, तू हाक कशी मारतेस? फॉर्मवर ‘आय’ गेला.

आईनं ते स्पेलिंग पाहिलंसुद्धा नाही. ती फोनवर “म्रुनाल, ए म्रुनाल” करते. ‘रु’ मराठीचा, ‘न’ अकोल्याचा. तो न ऐकला की माझ्या जिभेवर सवयीनं ण येतो. मृणाल म्हणजे कमळाचा देठ. मी ण गिळून टाकते आणि आईला बोलू देते.