‘शाश्वत’ गोठण : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञा ही केवळ वस्तूची खूण नसते. वस्तूकडे पाहण्याची दृष्टीही ती घडवीत असते. आर्क्टिक प्रदेशातील गोठलेल्या भूमीचे ‘पर्माफ्रॉस्ट’ हे नाव या अंगाने तपासण्याजोगे आहे.

मिखाईल सुमगिन या रशियन शास्त्रज्ञाने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच या गोठणीला ‘शाश्वत’ म्हटले. १९४३ मध्ये सीमन मुलर यांनी अमेरिकन लष्करी अभियंत्यांसाठी, मुख्यतः रशियन साधनांच्या आधारे, ग्रंथ सिद्ध केला आणि ‘पर्मनंट’ व ‘फ्रॉस्ट’ यांच्या संकराने हा सुटसुटीत इंग्रजी शब्द घडविला. वस्तुतः सलग दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस वा त्याखाली राहिलेली भूमी, एवढीच या संज्ञेची आजची व्याख्या आहे. इमारतीच्या उष्णतेने वितळून खचणारी जमीन हीच मुलर यांचीही चिंता होती. तात्पर्य, विवेचनाने जे नाकारले ते नाव मात्र सांगत राहिले.

याउलट सायबेरियातील साखा भाषेचा ‘अलास’ हा शब्द पाहावा. भूगर्भातील बर्फ वितळून जमीन खचते, तळे साचते, भोवती कुरण वाढते. अशा खोलगट गवताळ भूमीचे हे नाव. साखा लोकांनी पिढ्यानपिढ्या तेथे घोडी-गुरे राखली, वैरण कापली. ज्यांना त्या भूमीवर जगायचे होते त्यांच्या भाषेने तिच्या अस्थिरतेलाच नाव दिले. पुढे शास्त्रानेही ते स्वीकारले.

तथापि लोकभाषेत सर्व उत्तरे आहेत, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अलास घडण्यास शतकानुशतके लागली. आजच्या तापमानवाढीत घराखालची जमीन एका पिढीच्या डोळ्यांदेखत खचते. वितळणारी भूमी आणि नदीकाठची धूप यांमुळे अलास्कातील न्यूटॉकच्या युपिक रहिवाशांना २०१९ पासून मर्टार्विक येथे स्थलांतर करावे लागले. शिवाय या गोठणीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे. त्याचा अंश जरी वायुरूप झाला, तरी तापमानवाढीत भरच पडेल.

रशियन शास्त्रीय लेखनाने पुढे ‘बहुवर्षीय’ या अर्थाचा शब्द पत्करला. मराठीत प्रतिशब्द योजताना हा विवेक राखला पाहिजे. ‘नित्य’ वा ‘शाश्वत’ ही विशेषणे भारदस्त असली तरी येथे दिशाभूल करणारी आहेत. ‘बहुवर्षीय गोठण’ हे नाव साधे, पण खरे आहे. वितळणाऱ्या भूमीला शाश्वत म्हणणारी भाषा विस्थापितांचे दुःख आधीच अशक्य ठरवून बसते.