‘निर्वासित’, ‘धरणग्रस्त’ आणि ‘बाधित’ : विस्थापनाच्या वृत्तभाषेतील पक्षपात

वृत्तपत्राचा पक्षपात पाहावयाचा झाल्यास अभ्यासक बहुधा प्रथम अग्रलेखाकडे वळतो. वस्तुतः अग्रलेखातील मत उघड असते आणि वाचक त्यास आपल्या बुद्धीने तोलून घेऊ शकतो. घरादारास मुकलेल्या माणसांविषयीच्या वार्तांकनात मात्र पक्षपाताचे मुख्य स्थान अग्रलेख नसून साधी बातमी हे होय. बातमीदाराने काही खोटे लिहिलेले नसते. परंतु नाम कोणते वापरले, कर्ता कोठे ठेवला आणि मोजदाद कशाची केली, या तीन गोष्टींतच निवाडा होऊन गेलेला असतो.

प्रथम नामाचा विचार करू. १९२१ साली मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा तेथील शेतकरी ‘मावळे’ म्हणून ओळखले गेले आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. या नामांनी लढ्यास शिवकालाचे तेज दिले. पण शेतकरी सैनिक झाला की त्याची कुळवहिवाट, त्याचे भाताचे खाचर आणि सावकाराशी असलेला त्याचा व्यवहार हे विषय मागे पडतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिली. त्यांच्यासाठी मराठीत ‘निर्वासित’ हा शब्द रूढ झाला. कालांतराने या शब्दास हेटाळणीची छटाही आली, तरी त्याच्या घडणीत एक गोष्ट स्पष्ट आहे : ज्याला वास सोडावयास लावले तो निर्वासित. म्हणजे लावणारा कोणीतरी आहे, हे शब्दच सांगतो. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरची कोनशिला बसली. अन्यायास कर्ता होता आणि पुनर्वसनास नाव व ठिकाण होते.

कोयना खोऱ्यातील माणसांच्या वाट्यास असे नाम आले नाही. शिवाजीसागर भरू लागला, गावे उठली आणि त्यांतील कुटुंबे अनेक जिल्ह्यांत विखुरली. त्यांना ‘धरणग्रस्त’ म्हटले गेले. ‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला. पंचांगातील ग्रस्तोदय ग्रहणाशी या शब्दाचे नाते आहे आणि पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त हे त्याचे सोबती आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेस भूकंप झाला, तेव्हा त्याच परिसरातील लोकांस ‘भूकंपग्रस्त’ हे दुसरे विशेषण मिळाले. एक आपत्ती मंत्रालयातील निर्णयाने आली, दुसरी भूगर्भातून. भाषेने दोहोंस एकच प्रत्यय लावला. पुढे हा भूकंप जलाशयामुळे घडून आलेल्या भूकंपांचे जगातील ठळक उदाहरण म्हणून शास्त्रीय ग्रंथांत गणला गेला, हे ध्यानी घेतले म्हणजे निसर्ग आणि निर्णय यांतील सीमा पुसून टाकणारी ही भाषा किती भ्रामक आहे, ते कळून येते.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘धरणग्रस्त’ हे नाव विस्थापितांनी स्वतःही स्वीकारले, त्याच नावाने परिषदा भरविल्या आणि ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा दिली. आक्षेप खरा आहे. तथापि चळवळीच्या मुखी हे नाव मागणीसह येते. बातमीत ते मागणीवाचून येते. विधिनियमांची भाषाही याच काळात बदलली. महाराष्ट्राचा १९७६ चा पुनर्वसन कायदा ‘विस्थापित’ व्यक्तींचा होता. १९८६ आणि १९९९ चे कायदे ‘प्रकल्पबाधित’ व्यक्तींचे झाले. ‘बाधित’ शब्दाची कक्षा अधिक व्यापक खरी. परंतु घर सोडावे लागणे ही घटना त्या व्याप्तीत विरून जाते.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. ‘गावे हलविण्यात आली’, ‘जमिनी पाण्याखाली गेल्या’, ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. पहिल्यात कर्ता लुप्त आहे, दुसऱ्यात जमीनच कर्ती झाली आहे. याच बातमीत ‘ग्रामस्थांनी काम अडविले’ हे वाक्य मात्र सकर्तृक असते. परिणामी निर्णय आपोआप घडतो आणि अडथळा तेवढा कोणीतरी करतो.

तिसरा प्रश्न मोजदादीचा. वसई किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडीच्या मुखावर असलेल्या पाचूबंदरासारख्या कोळीवाड्याच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा आहे. बातमी हेक्टर, सातबारा आणि घरांची संख्या मोजते. परंतु कोळ्याचे जगणे होडी लावण्याचा किनारा, मासळी वाळविण्याची जागा आणि समुद्रातील ठरावीक ठिकाणे यांवर उभे आहे. या गोष्टींचा सातबारा निघत नाही. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदरास जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदर प्रामुख्याने समुद्रात भर घालून उभारावयाचे असल्याने कोणतेही गाव उठणार नाही, हा समर्थकांचा युक्तिवाद. आपले मासेमारीचे क्षेत्र जाईल, हा मच्छीमारांचा. वार्ताहर पहिल्या विधानास वस्तुस्थिती आणि दुसऱ्यास भीती म्हणतो, तेव्हा त्याने विस्थापनाची एक व्याख्या न सांगता मान्य केलेली असते.

त्या व्याख्येचे खंडन वृत्तपत्रांच्याच पानांत सापडते. डोल जाळे प्रवाहात खुंटांच्या आधारे ठरावीक जागी बांधले जाते. या कवींच्या जागांवरून वसई आणि पालघरकडील मच्छीमारांत होणारे तंटे जिल्ह्याच्या बातम्यांत वारंवार येतात. ज्या समुद्रात जागेवरून तंटा होतो, तो समुद्र रिकामा नव्हे. भांडणाच्या बातमीत जी वहिवाट गृहीत धरली जाते, ती प्रकल्पाच्या बातमीत दिसेनाशी होते.

वार्ताहरास वेळ थोडा असतो आणि अधिकृत निवेदन आयते हाती येते, ही अडचण नाकारता येत नाही. पण निवेदनातील शब्द उचलणे अपरिहार्य नाही. पाचूबंदरातील माणूस एक रात्रही घराबाहेर न काढता विस्थापित होऊ शकतो : घर तेथेच राहते, त्यातील धंदा जातो. मराठी वृत्तभाषेपाशी या अवस्थेस आज शब्द नाही, आणि ज्यास शब्द नाही त्याची भरपाईही कोणी मागू शकत नाही.